विवाहतिथी कशी निश्चित करावी?

सोळा संस्कारांमध्ये विवाहसंस्कारास विशेष महत्त्व असून तो शुभ वेळेवर व्हावा, अशी प्रत्येक मातापित्याची इच्छा असते. पहिली लग्नपत्रिका देवाच्या चरणी ठेवण्याची रीत परभणी जिल्ह्यात घरोघरी पाळली जाते. मात्र पत्रिका छापण्यापूर्वी कोणता विचार कोणत्या क्रमाने करावा, हे भाविकांनी जाणून घेणे हितकारक आहे.

मासविचार : आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी हा चातुर्मास विवाहास सामान्यतः वर्ज्य मानतात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीविवाह होतात व त्यानंतर लग्नसराईस प्रारंभ होतो. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख व ज्येष्ठ हे मास प्रशस्त होत. अधिकमास, तसेच गुरू व शुक्र यांचा अस्तकाळ टाळावा. वर व वधू दोघेही ज्येष्ठ अपत्य असल्यास ज्येष्ठ महिन्यात विवाह करू नये. यास ‘त्रिज्येष्ठ’ म्हणतात.

पंचांगविचार : तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पंचांगाची पाच अंगे होत. रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ व रेवती ही अकरा नक्षत्रे विवाहास योग्य सांगितली आहेत.

स्थलविचार : लग्नाची घटिका स्थानिक सूर्योदयावर अवलंबून असते. परभणी हे मुंबईच्या पूर्वेस सुमारे 4 अंश रेखांशावर असल्याने येथे सूर्योदय सुमारे 16 मिनिटे आधी होतो. यास्तव पंचांगातील लग्नकाळ मुंबईसाठी दिलेला असल्यास जाणकार पुरोहिताकडून आपल्या गावासाठी तो काढून घ्यावा.

वयोविचार : वरील सर्व विचारांच्या आधी करावयाचा विचार हा आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, 2006 नुसार विवाहसमयी वधूची 18 व वराची 21 वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के स्त्रियांचा विवाह 18 वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाल्याचे आढळले. राज्याचे हेच प्रमाण सुमारे 22 टक्के होते. ही बाब प्रत्येक भाविकाने अंतर्मुख होऊन विचार करावा अशीच आहे.

यामागे मुलींविषयीचा दुरावा नसून बहुधा चिंता असते. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. आईवडील कोयता घेऊन परगावी निघाले की वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. तोडणीची मजुरी जोडप्यास मिळत असल्याने ‘कोयता’ पूर्ण व्हावा म्हणूनही लग्नाची घाई केली जाते. तथापि अपक्व वयातील बाळंतपण माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते, आणि मुलीचे शिक्षण तर तेथेच थांबते. अशा वेळी मुलीस नातलगांकडे अथवा वसतिगृहात ठेवून तिचे शिक्षण चालू ठेवावे.

अक्षय्य तृतीयेस पंचांग पाहावे लागत नाही, असे म्हणतात. पंचांग पाहू नये, पण जन्मदाखला पाहावाच. अल्पवयीन मुलीचा विवाह लावणाऱ्यास, त्यात पुरोहितही आले, 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असा विवाह ठरत असल्याचे कळल्यास 1098 या क्रमांकावर कळवावे.

शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते तेथून निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तो शब्द आजही प्रत्येक मंगलाष्टकानंतर उच्चारला जातो. वधूवरांच्या मातापित्यांनी तो अंतरपाट धरण्याच्या वेळी नव्हे, तर तिथी काढावयास जाताना ऐकावा.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम जन्मदाखला, नंतर मुलामुलीची संमती, त्यानंतर मास, नक्षत्र व घटिका. चुकलेला मुहूर्त पुढील वर्षी पुन्हा येतो. मुलीचे गेलेले बालपण मात्र परत येत नाही.

॥ शुभं भवतु ॥