दिसणारी कावीळ, न दिसणारी कावीळ

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात काविळीचा विषय घरोघरी निघतो. पण एखाद्या शहरात या रोगाचा फैलाव किती आहे, हे केवळ रुग्ण मोजून कळेल काय?

कावीळ हे लक्षण आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. विषाणूंमुळे यकृताला सूज आली की ते रक्तात साठते आणि डोळे पिवळे दिसतात. हे विषाणू मुख्यतः पाच : ए, बी, सी, डी व ई. बी, सी व डी प्रामुख्याने रक्तावाटे पसरतात. ए आणि ई मात्र रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात व तेथून दुसऱ्याच्या पोटात जातात.

एक कोडे

ए विषाणूची लागण झालेल्या सहा वर्षांखालील मुलांपैकी सुमारे १० टक्क्यांनाच कावीळ होते; प्रौढांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असते. आता दोन वस्त्या कल्पा. पहिलीत पाणी अस्वच्छ, म्हणून १०० बालकांना लागण झाली. कावीळ दिसली १० जणांना. दुसरी वस्ती स्वच्छ. तेथे ३० जणांनाच, तीही मोठेपणी, लागण झाली. कावीळ दिसली २१ जणांना! डॉक्टरांची वही पाहणारा दुसरीलाच रोगट ठरवील.

म्हणून शास्त्रज्ञ रक्तातील प्रतिपिंडे तपासतात. लागण होऊन गेल्याची ही खूण वर्षानुवर्षे टिकते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुने तपासले, तेव्हा सुस्थितीतील कुटुंबांतील मुलांत ए विषाणूची लागण कमी झालेली आढळली. सुधारणा चांगलीच; पण ही मुले मोठेपणी असुरक्षित राहतात. त्यांच्यासाठी लस आहे.

ई विषाणू मुख्यतः तरुणांना गाठतो आणि गरोदर स्त्रियांना प्राणघातक ठरू शकतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी नळांत गेले आणि सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासल्यावर तो ई विषाणू असल्याचे कळले. २०१२ साली इचलकरंजीतही त्याची मोठी साथ आली.

नळापर्यंतचा प्रवास

कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी मिळते. बारावे, मोहिली, नेतिवली येथे ते शुद्ध होते. मग धोका कोठे? नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब उतरतो. वाहिनी गटाराजवळ फुटकी असेल, तर घाण आत ओढली जाते. केंद्रात शुद्ध झालेले पाणी वाटेत बिघडते ते असे.

तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.

करून पाहा : शिक्षकांबरोबर शाळेभोवतालच्या जलवाहिन्यांचा नकाशा काढा. वाहिनी गटारातून किंवा गटाराशेजारून कोठे जाते, ते तांबड्या खुणेने दाखवा. गळती दिसली, तर नकाशासह महापालिकेला कळवा.