नव्या धुराड्याचा वास : कारणे व उपाय

बारामती तालुक्यातील पणदरे व आसपासच्या बागायती गावांत गॅस आला असला, तरी पाणी तापविण्यास व भाकरीस पुष्कळ घरी चूल पेटते. उसाचे पाचट, तुरकाट्या व बाभळीचे लाकूड हे तेथील हाताशी असलेले जळण होय. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या चुलीचा पुरस्कार केला. १९८३ पासून केंद्र सरकारनेही सुधारित चुलींचा कार्यक्रम राबविला. मात्र नवी नळी बसविल्यावर उग्र वास येतो, दुधाला दर्प लागतो, आणि कंटाळून नळीच काढून टाकली जाते. मग धूर पुन्हा डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून वासाचे कारण आधी ओळखावे.

वास कशाचा?

(१) ओल्या मातीच्या अस्तराचा वास कोंदट असतो.
(२) नव्या पत्र्यावरील तेलाचा किंवा रंगाचा वास तिखट असतो व पहिल्या काही जाळांनंतर कमी होतो.
(३) प्रत्येक जाळास धुराचाच वास येत असेल, तर तो नवेपणाचा नव्हे. धूर घरात परततो आहे असे समजावे.

काय करावे?

पत्र्याची नळी बसविण्यापूर्वी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी. आतून रंग लावू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा थेट ज्वाळेत ठेवू नये. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते, व फार तापल्यास त्याच्या धुराने थंडीताप भरतो. चुलीलगतचा भाग भाजक्या मातीचा असावा.

मातीचे अस्तर सावलीत पुरते वाळू द्यावे. नंतर दारे-खिडक्या उघडून, मुलांना बाहेर ठेवून, तुरकाट्यांचा लहान जाळ करावा. जाळ तीन-चार दिवस थोडा थोडा वाढवावा. एकदम मोठा जाळ केल्यास अस्तरास भेगा पडतात. या दिवसांत त्या चुलीवर अन्न शिजवू नये. रॉकेल, टायर व प्लॅस्टिक कधीही जाळू नये.

धूर परतत असल्यास सांधे शेणमातीने लिंपावेत, काजळी काढावी व नळी छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट उंच न्यावी. वर टोपी बसवावी. पावसाचे पाणी काजळीत मुरले की कडवट वास सुटतो. चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला, तर ओढ चांगली आहे. जुनी नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असल्यास ती कापू अगर घासू नये, कारण तिचे तंतू फुप्फुसास घातक असतात.

विशेष सूचना

धूप जाळल्याने वास झाकला जातो, दोष जात नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नसतो व वासही नसतो. चुलीजवळ डोके जड होणे, मळमळ किंवा चक्कर येणे अशी लक्षणे दिसताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे व रुग्णास दवाखान्यात न्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवी चूल दिल्यानंतर आठवड्याने त्या घरी पुन्हा जाऊन उदबत्तीची परीक्षा घरच्या स्त्रियांकडून करवून घ्यावी.