घडीच्या फावड्याची ओळख



शस्त्रांच्या संग्रहालयात गेलो म्हणजे आपली पावले तलवारीपाशी थबकतात. शेजारीच एखादे गंजलेले, आखूड फावडे ठेवलेले असले, तर त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. वस्तुतः दोन्ही महायुद्धांत यूरोपातील शिपायाचे प्राण तलवारीपेक्षा या फावड्यानेच अधिक राखले. तोफगोळ्यांचा वर्षाव सुरू झाला म्हणजे जमिनीच्या पोटात शिरण्यावाचून त्याला दुसरा आसरा नसे. असे हे हत्यार ओळखावे कसे, याचा धडा आज आपण गिरवू.

प्रथम सांधा पाहावा. डेन्मार्कचे सैनिकी अधिकारी लिनेमान यांनी १८६९ साली शिपायाच्या कमरेला अडकविता येईल असे आखूड फावडे तयार केले. पुढे अनेक यूरोपीय सैन्यांनी ते उचलले; परंतु त्याचे पाते दांड्याला कायमचे जडविलेले असते. ब्रिटिशांच्या १९०८ च्या नमुन्यात लोखंडी पाते व लाकडी दांडा हे दोन सुटे भाग असत. ही दोन्ही घडीची फावडी नव्हेत.

खरे घडीचे फावडे जर्मन सैन्यात १९३८ च्या सुमारास आले. त्याचे टोकदार पाते बिजागरीवर फिरते आणि दांड्यावरील आट्यांचे मोठे कडे आवळले की घट्ट बसते. पाते सरळ ठेवले तर फावडे, काटकोनात वळविले तर कुदळ, आणि दांड्यावर दुमडले तर कमरेला लटकविण्याजोगे ओझे! आरंभीच्या नमुन्यांत हे कडे बॅकेलाइटचे आढळते.

ही युक्ती अमेरिकनांना इतकी पसंत पडली की, १९४३ साली त्यांनी तिच्यावरून आपला नमुना बेतला. येथेच नवख्याची फसगत होते, कारण दोहोंची ठेवण सारखीच आहे.

म्हणून दुसरी पायरी ठशांची. अमेरिकन पात्यावर ‘यू. एस.’ ही रोमन अक्षरे, कारखान्याचे नाव व साल असते. जर्मन फावड्यावर कारखान्याची खूण, साल आणि तपासनिसाचा गरुडाचा ठसा आढळतो. युद्धकाळात कारखान्याच्या नावाऐवजी दोनतीन अक्षरांची सांकेतिक खूण येऊ लागली.

तिसरी पायरी जोडलेल्या भागांची. पात्याबरोबर दुमडणारा टिकावही असेल, तर ते बहुधा युद्धानंतरचे समजावे. अमेरिकनांचा तसा नमुना १९५१ चा आहे. दांडाही धातूचा असून सारे फावडे तीन घड्यांत मिटत असेल, तर ते त्याहूनही अलीकडचे.

आता एक उदाहरण सोडवा. जर्मनीतील एका शेतात घडीचे फावडे सापडले. पात्यावर ‘यू. एस. १९४४’ असा ठसा आहे. ते जर्मन म्हणावे काय? नाही. वस्तू कोठे सापडली यावरून ती कोठे घडली हे ठरत नाही. तसेच पात्यावरचे साल दांड्याला लावू नये, कारण मोडलेला दांडा बदलता येतो. ठसा तर खोटाही उठविता येतो. म्हणून सांधा, ठसा आणि झीज या तिन्ही साक्षीदारांची जबानी जुळल्यावाचून निकाल देऊ नये.

हे सारे फार दूरचे, असे मात्र मानू नका. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत मराठा पलटणी याच जर्मन सैन्याशी झुंजत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले. त्या डोंगराळ भूमीत दोन्ही बाजूंचे जवान रात्र रात्र खणत होते. जे फावडे आसऱ्याचा खड्डा खणी, तेच सकाळी सोबत्याची कबर खणी. झिजलेल्या पात्याची कड बोटाने चाचपाल, तेव्हा साल वाचण्यापूर्वी एवढे आठवा.