सिंदखेडराजा : स्थलदर्शनाचा एक पाठ

सिंदखेडराजा येथे सहल नेताना शिक्षकांनी स्थळांचा क्रम आधी ठरवावा. प्रथम लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहावा. १५९८ साली जन्मलेल्या जिजाबाईंचे हे जन्मस्थान होय. भव्य प्रवेशद्वारापाशी मुलांस स्वस्थ पाहू द्यावे. माहिती मागाहून सांगावी. नंतर मोती तलावाच्या बांधावर, हे पाणी कोणाच्या उपयोगी पडत असेल, असा प्रश्न विचारावा. पुतळा बारवेतील कोरीव मूर्ती विद्यार्थ्यांनी वहीत रेखाटाव्यात. भिंतीवर नावे मात्र कोरू नयेत.

शेवटी लखुजीरावांच्या समाधीपाशी वर्ग बसवावा आणि वहीत तीन सने लिहवून घ्यावीत : १५९८, १६२९, १६३०. १६२९ साली निजामशहाच्या दरबारी, देवगिरीच्या किल्ल्यात, लखुजीराव पुत्रांसह मारले गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. जिजाबाई शिवरायांच्या माता, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु पितृवियोगास वर्षही लोटले नसता त्यांनी शिवरायांना जन्म दिला, हे या तीन सनांतील अंतर मोजल्यावरच त्यास उमगते. ते अंतर शिक्षकांनी सांगू नये; मुलांकडूनच मोजवून घ्यावे. शाळेत परतल्यावर त्याविषयी प्रत्येकाकडून पाच ओळी लिहवून घ्याव्यात.