जात्याची घरघर आणि संगणकाची पसंती



कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाडच्या पुढे, टोकावडे हे गाव लागते. तेथून जवळच्या एका वाडीत एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी गेलो होतो. आजींचे वय ऐंशीच्या पुढचे. दळण आता गिरणीतून येते, त्यामुळे जाते पडवीच्या कोपऱ्यात कधीचे पडून होते. "नुसतं बसून ओवी येत नाही, हातात खुंटा लागतो," असे त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघा-तिघांनी जाते मांडले, वैरणीला थोडी नाचणी घेतली आणि आजी पाऊण तास गायल्या.

घरी येऊन ऐकतो तो काय! आजींचा आवाज होता, पण जाते नाहीसे झाले होते. दोन ओळींच्या मधे घरघर हवी होती, तेथे मुकी शांतता होती. ओळीच्या शेवटी आजी जे अक्षर लांबवीत, ते मधेच तुटत होते. मायक्रोफोन चांगला होता आणि दोरी नीट लावलेली होती. चूक होती ती ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीतील एका चौकटीत. 'गोंगाट कमी करा' या वाक्यापुढील खूण मी काढून टाकली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात आजी गेल्या, त्यामुळे ते मुद्रण पुन्हा करता आले नाही.

संगीताच्या प्रत्येक आज्ञावलीत 'प्रेफरन्सेस' किंवा 'सेटिंग्ज' नावाचे एक पान असते. आपण त्याला 'पसंती' म्हणू. काम सुरू करण्यापूर्वी आपल्याला काय हवे ते या पानावर सांगायचे असते. आपण काही सांगितले नाही, तर ज्याने आज्ञावली लिहिली त्याची पसंती लागू होते. त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा टेलिफोनवर बोलणारा माणूस असतो, जात्यावर गाणारी आजी नसते. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंख्याचा किंवा रस्त्याचा गोंगाट, असा हिशेब करून आज्ञावली तो कापते. जात्याची घरघर तशीच एकसारखी असते. ती 'गोंगाट' ठरली यात संगणकाचा दोष नाही. गाण्यातील काय ठेवावे आणि काय टाकावे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ओव्यांचे मुद्रण हा काही केवळ हौसेचा विषय नाही. पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक सामील झाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. हा ठेवा २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. बेल यांनीच जिम किपेन यांच्याबरोबर १९८० नंतरच्या दशकात 'बोल प्रोसेसर' ही आज्ञावली लिहिली होती. तबल्याच्या कायद्यांचे बोल अक्षरांत लिहून त्यांचे पलटे संगणकाकडून तयार करवून घेणारी ही आज्ञावली पुढे मिडी वाद्येही वाजवू लागली. ध्वनिमुद्रण आणि मिडी या दोन्ही गोष्टी आपण आज पाहणार आहोत.

आवाजाचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने, हे तुम्ही शिकला आहात. मायक्रोफोन त्यांचे विद्युत्‌दाबात रूपांतर करतो आणि संगणक तो दाब ठराविक काळाने मोजून आकडे लिहून ठेवतो. एका सेकंदात किती वेळा मोजायचे, याला नमुनादर म्हणतात. पसंतीच्या पानावर तो ४४,१०० किंवा ४८,००० असा दिसेल. मोजणी ध्वनीच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने झाली पाहिजे, नाहीतर कंपनाचे चढउतार हातून निसटतात. माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, म्हणून दर ४०,००० च्या वर हवा.

पण मग नेमके ४४,१०० च का? यामागे एक गंमत आहे. आरंभी हे आकडे साठविण्यासाठी दूरचित्रांची फीत वापरीत. युरोपीय पद्धतीत पडद्याचे क्षेत्र सेकंदाला ५० वेळा रेखाटले जाई, प्रत्येक वेळी २९४ रेषा वापरता येत आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने बसत. गुणाकार करून पाहा. अमेरिकी पद्धतीत ६० क्षेत्रे आणि २४५ रेषा होत्या. तोही गुणाकार करा! १९८२ मध्ये आलेल्या ध्वनितबकडीने म्हणजे सीडीने हाच आकडा उचलला आणि तो आपल्या गळ्यात पडला.

नमुनादर कोणताही निवडा, परंतु सर्व ठिकाणी एकच ठेवा. समजा, मुद्रण ४४,१०० ने झाले आणि वाजविताना आज्ञावलीने ते ४८,००० चे आहे असे मानले. आकडे सुमारे १.०८८ पट वेगाने बाहेर पडतील. गाणे लवकर संपेल आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्‌ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कोठेतरी लोंबकळेल. पेटीवर तो सापडणार नाही, आणि तुम्ही मात्र पेटी बिघडली असे समजाल.

दुसरा आकडा म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहावयाची. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक. येथे २४ निवडावे. कारण असे की गाणारी व्यक्ती केव्हा आवाज चढवील हे सांगता येत नाही, म्हणून पातळी खालीच ठेवावी लागते. मापकावर शून्य डेसिबल हा माथा. त्यावर लाट गेली की तिचे डोके छाटले जाते आणि छाटलेले पुन्हा उगवत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ च्या आसपास, म्हणजे माथ्याच्या एक चतुर्थांश उंचीवर राहू द्या. पायऱ्या भरपूर असल्यामुळे नंतर आवाज वाढविला तरी खरखर येत नाही. 'पातळी आपोआप जुळवा' अशी खूण असेल, तर तीही काढा. ती चालू राहिली तर आजी थांबल्या की जाते मोठे होते आणि आजी गाऊ लागल्या की लहान.

मायक्रोफोन एकच असेल तर एकमार्गी म्हणजे मोनो मुद्रण पुरे. ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट, यांप्रमाणे एका मिनिटाला सुमारे ८६ लाख ४० हजार बाइट लागतात. तासाभराला जागा किती लागेल ते काढा आणि तेवढी संगणकात आहे की नाही ते निघण्यापूर्वी पाहा. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात जपा. एमपी३ ही केवळ पाठवापाठवीची प्रत समजा.

मूठभर वैरण

पसंतीच्या पानावर 'बफर' असा शब्द दिसेल. तो समजण्यासाठी जात्याकडेच जाऊ. जात्यात धान्य दाण्यादाण्याने घालीत नाहीत, मुठीने घालतात. संगणकही नमुने एकेक न घेता मुठीने घेतो, आणि एका मुठीत किती नमुने ते म्हणजे बफर. मूठ मोठी असली तर संगणकाला उसंत मिळते, पण मूठ भरेपर्यंत वाट पाहावी लागते. मूठ लहान असली तर काम चटकन होते, पण हात जरा चुकला की जाते रिकामे फिरते. रिकाम्या फिरण्याचा आवाज म्हणजे मुद्रणातील 'टक्‌-टक्‌'.

५१२ नमुन्यांची मूठ ४४,१०० च्या दराने भरण्यास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. २,०४८ ची असेल तर ४६. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे ४६ मिलिसेकंदांत १६ मीटर. भजनाला बसला आहात आणि पखवाजवाला देवळाच्या आवारात १६ मीटरांवर बसला आहे अशी कल्पना करा! शिवाय आत येताना एक मूठ आणि बाहेर जाताना दुसरी, असा विलंब किमान दुप्पट होतो.

म्हणून नियम साधा आहे. आजींच्या ओव्या नुसत्या मुद्रित करावयाच्या असतील, तर मोठी मूठ ठेवा. त्या वेळी संगणकातून काही ऐकायचे नसते आणि टक्‌-टक्‌ मात्र नको असते. पेटीसारखी कळफलकी वापरून सूर वाजवायचे असतील, तर १२८ किंवा २५६ ठेवा. दोन्ही कामांना एकच आकडा ठेवणारे नेहमी एका बाजूने रडत असतात.

आमच्या भागात विजेचा भरवसा नसतो. पण ही अडचण येथे उपयोगी पडते. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केले, तर ५० हर्ट्‌झचा विजेचा गुणगुणाट बहुधा निघून जातो. पत्र्याखाली पावसात मुद्रण करू नये, हे सांगावयास नकोच. पहाटेची वेळ धरा. महामार्गावरच्या मालमोटारी त्या वेळी कमी असतात, आणि ओवीचीही वेळ तीच.

मिडीत आवाज नसतो

आता दुसरे काम. मुद्रित ओवीची चाल तुम्हांला शाळेच्या कार्यक्रमात वाद्यांवर वाजवायची आहे. त्यासाठी मिडी. ही पद्धत १९८३ मध्ये ठरली, आणि निरनिराळ्या कारखान्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. मिडीत ध्वनी मुळीच नसतो. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकातून जसा आवाज येत नाही, तसाच मिडीच्या धारिकेतूनही येत नाही. 'अमुक मार्गावर, ६१ क्रमांकाची कळ, एवढ्या जोराने दाबली' एवढेच तीन बाइटांत लिहिलेले असते. मूळ मिडी तारेवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एका बाइटला १० बिट लागतात. हा निरोप पोहोचण्यास एक मिलिसेकंदही लागत नाही.

कळांचे क्रमांक ० ते १२७. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. काही आज्ञावल्या ६० ला 'सी-४' म्हणतात, काही 'सी-३'. दोन पुस्तकांत एका सप्तकाचा फरक दिसला तर गोंधळू नका आणि क्रमांक पाहा. मार्ग सोळा असतात. त्यांतील दहावा बहुधा तालवाद्यांसाठी राखलेला असतो. कळफलकी चुकून दहावर राहिली तर भूपाच्या जागी ढोल, थाळी आणि शिट्ट्या ऐकू येतात. वर्गात हे एकदा मुद्दाम करून दाखवावे, मुले विसरत नाहीत.

खरा पेच पुढे आहे. आजींनी षड्‌ज पेटीला विचारून लावलेला नव्हता. समजा, त्यांचा षड्‌ज २२५ हर्ट्‌झ आला. ५७ क्रमांकाची कळ, म्हणजे मधल्याच्या खालच्या सप्तकातील पांढरी सहा, २२० हर्ट्‌झला बोलते. आजींना ओढून पेटीवर आणू नका. पसंतीत किंवा वाद्याच्या पानावर संदर्भसूर ४४० लिहिलेला असतो, तेथे ४५० लिहा. ४५० चे अर्धे २२५, आणि सर्व कळा त्याच प्रमाणात सरकतात.

तरी गांधार जुळेलच असे नाही. पाच भागिले चार या गुणोत्तराने गांधार २८१.२५ हर्ट्‌झवर येतो, पण सप्तकाचे बारा समान भाग करणारी कळ २८३.५ च्या आसपास बोलते. पेटीवरचा हाच जुना आक्षेप आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती, ती काही उगाच नव्हे. माझ्या मते बंदी मात्र जरा जास्तच झाली.

आणि मींड? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे कळांना जमत नाही. त्यासाठी स्वर वाकविण्याचे चाक असते. त्याचे आकडे ० ते १६,३८३, मध्य ८,१९२. चाक टोकाला नेले म्हणजे किती अर्धस्वर चढायचे, हे पसंतीत ठरते. बहुधा ते २ असते. षड्‌जावरून पंचमापर्यंत जायला ७ लागतात, म्हणून १२ ठेवलेले बरे. पण हा आकडा आज्ञावलीत आणि वाद्यात सारखा हवा. चाक अर्धे फिरविले तर एके ठिकाणी २ असताना सा वरून कोमल रे येतो. दुसरीकडे १२ असेल तर तेच फिरविणे तीव्र मध्यमावर जाऊन आदळते.

लय आपोआप जुळविणारी खूणही असते. ती बंद ठेवा. ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्यावर चालते. वैरण घालताना हात किंचित थबकतो आणि सूरही थबकतो. संगणकाने ते 'दुरुस्त' केले, तर उरेल ती कवायत.

करून पाहा

'ऑडेसिटी' ही मोफत मिळणारी आज्ञावली शाळेच्या संगणकावर घ्या. तिच्याकडून ठोक्यांची एक पट्टी तयार करवा. हेडफोनची एक वाटी मायक्रोफोनला चिकटवून ती पट्टी वाजवीत दुसरी पट्टी मुद्रित करा. मग चित्र मोठे करून दोन्ही पट्ट्यांतील पहिल्या ठोक्याचे अंतर मिलिसेकंदांत मोजा. विलंब दुरुस्तीच्या चौकटीत आधीच एक आकडा असेल. नवा ठोका उशिरा पडला असेल तर तो आकडा तेवढा आणखी उणे करा, लवकर पडला असेल तर तेवढा अधिक करा, आणि पुन्हा मोजा. बफर बदलून तिसऱ्यांदा मोजा.

त्यानंतर छताचा पंखा चालू ठेवून 'गोंगाट कमी करा' ही खूण एकदा लावून व एकदा काढून एकाच मुलीला एकच गाणे म्हणावयास सांगा. ओळींच्या शेवटच्या अक्षरांकडे कान द्या. ही चाचणी झाल्यावरच, परवानगी विचारून, कोणा आजींच्या पडवीत जा. वहीत दिनांक, गाव, षड्‌जाची कंप्रता आणि त्या दिवशीची पसंतीची प्रत्येक नोंद उतरवून घ्या. पहिले अर्धे मिनिट मुद्रण करून तेथेच ऐका, आणि जाते ऐकू येत असेल तरच पुढे चला.