पुराची योजना कोणीं करावी?

आमच्या पलूस तालुक्याच्या कृष्णाकांठीं २००५, २०१९ व २०२१ या तीन सालीं महापूर आला. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ इत्यादि गांवांतील मंडळीस त्याची हकीकत सांगावयास नको. आम्हांस येथें इतकाच विचार करावयाचा आहे कीं, पुढील पुराची योजना कोणीं करावी? "सरकारनें," असें उत्तर बहुतेक ठिकाणीं मिळतें. तें खोटें नाहीं, परंतु अर्धेंच आहे.

ब्रह्मनाळचें उदाहरण घ्या. हा गांव कृष्णा व येरळा यांच्या संगमाजवळ आहे. ता. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं गांवास पाण्यानें वेढलें असतां लोक बाहेर पडण्यासाठीं गांवच्याच नावेंत बसले; ती सरकारी बचावपथकाची नाव नव्हती. तींत प्रमाणाबाहेर माणसें चढलीं, नाव उलटली, आणि कित्येक जण बुडून मेले. त्यांत स्त्रिया व लेकरेंही होतीं. कोणास दोष लावावा हें आमचें काम नव्हे. पण पाणी रोज चढत असतांना लोक अखेरच्या घटकेपर्यंत कां थांबतात, हें समजून घेतल्यावांचून कोणतीही योजना व्यर्थ होय.

आमच्या मतें याचें एक मोठें कारण गोठ्यांत आहे. दुभतीं जनावरें हीच येथें कित्येक घरांची ठेव. घर सोडा असा हुकूम येतो, पण म्हैस कोठें न्यावी व तिला वैरण कोण घालील, हें त्या हुकुमांत नसतें. मग घरधनी दाव्यापाशीं बसून राहतो. दुसरें कारण जुन्या खुणेवरील भरंवसा. २००५ सालीं सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारें ५४ फुटांपर्यंत चढलें होतें. तेव्हां जी पायरी कोरडी राहिली ती पुढेंही कोरडीच राहील, असें पुष्कळांनीं धरून चाललें. २०१९ सालीं तेंच पाणी ५७ फुटांवर गेलें.

त्या पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी धरतात. हे आंकडे खेड्यांतल्या माणसास नुसते ऐकून काय उपयोगाचे? नदी फुगली म्हणजे पाणी ओढ्यांतून उलटें आंत शिरतें, आणि घरें बुडण्याच्या आधींच रस्ता बंद होतो. कोणत्या आंकड्यास आपला ओढा भरतो, हें सांगलीच्या कचेरींत बसून कोणास कळणार? तें गुराख्यास ठाऊक असतें. म्हणून प्रत्येक गांवानें आपला कोष्टक आपणच करावा. मात्र सांगली आमच्या खालच्या अंगास आहे. यास्तव कोयना धरणांतून किती पाणी सोडलें, ही वार्ताही त्याबरोबर पाहिली पाहिजे.

कायदाही याच मताचा आहे. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याप्रमाणें जिल्ह्याची योजना स्थानिक संस्थांचा विचार घेऊन करावयाची व दरवर्षीं तपासून सुधारावयाची असते. आणि ग्रामपंचायत ही स्थानिक संस्था आहे. गांवानें तोंडच उघडलें नाहीं, तर विचार कोणाचा घ्यावा?

परदेशांतही हाच अनुभव आला आहे. आज ज्यास बांगला देश म्हणतात, तेथें १९७० च्या चक्रीवादळांत लाखों माणसें मेलीं. पुढें १९७२ पासून समुद्रकांठच्या गांवांतील स्वयंसेवकांस शिकवून तयार करण्यांत आलें. वादळाची सूचना ते घरोघर जाऊन आपल्याच बोलींत देतात, व म्हाताऱ्यांस हात धरून निवाऱ्यास नेतात. पक्के निवारे व वेळेवर सूचना यांचाही त्यांत वांटा आहेच. तथापि पुढील वादळांत मृत्यु पुष्कळ कमी झाले. शेजाऱ्याच्या शब्दास लोक उठतात.

आमच्याकडे १ मे रोजीं ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे, आणि पावसाळ्यापूर्वीं याहून सोईची वेळ नाहीं. १५ ऑगस्टची सभा येईपर्यंत बहुधा पूर येऊन गेलेला असतो! ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावयाची असते, ती नांवापुरती होऊं देऊं नये. कोणत्या घरीं बाळंतीण आहे, कोण अंथरुणास खिळलें आहे, कोणाचें औषध चुकतां कामा नये, ही यादी पुरुषांपेक्षां स्त्रियांस अचूक सांगतां येते. आणखी एक गोष्ट. सभेंत बोलणारांचीं घरें बहुधा उंचावर असतात, व पाणी प्रथम शिरतें तें खालच्या आळींत. म्हणून खालच्या आळीच्या मंडळीस मुद्दाम बोलावून प्रथम बोलूं द्यावें. आमचे उपदेशक बंधु घरोघर फिरतात; त्यांनीं हा निरोप पोंचवावा.

सभेनें प्रथम जनावरांचा निकाल लावावा: कोणत्या माळावर न्यावयाचीं, वैरण कोठून आणावयाची, राखण कोणीं करावयाची. इशाऱ्याची पातळी येतांच जनावरें हलवावीं, म्हणजे माणसें मागें रेंगाळणार नाहींत. मग शाळा, देऊळ, प्रार्थनामंदिर यांपैकीं कोणती इमारत २०१९ सालीं कोरडी राहिली हें पाहून निवारा ठरवावा. गांवची नाव असल्यास ती उन्हाळ्यांतच पाण्यांत घालून तपासावी, पोहण्याचीं जाकिटें मोजून ठेवावीं, आणि किती माणसें बसवावयाचीं तो आंकडा तिच्या बाजूवर ठळक रंगवावा. त्याहून एकही माणूस अधिक चढूं लागल्यास नाव न सोडण्याचा अधिकार नावाड्यास सभेनें ठराव करून द्यावा, आणि त्या ठरावाची एक प्रत तहसील कचेरींत नेऊन पोंच घ्यावी.