शुक्रवारचे फिश अँड चिप्स

प्रश्न : उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन बंद, म्हणून मुलं फिश अँड चिप्स मागतात. तेल कमी कसं करू? – एक वाचक, वसई

उत्तर : ओव्हन असेल तर तळूच नका. बटाटे सालासकट बोटाएवढे कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवा. वरचा स्टार्च निघाला की कुरकुरीत होतात. फडक्याने अगदी कोरडे पुसा, चमचाभर तेल चोळा आणि २२० अंशांवर अर्धा तास भाजा, मध्ये एकदा परता. रावसाच्या बिनकाट्याच्या तुकड्यांना मीठ, मिरपूड, लिंबू लावा. अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा. चुरा आधी तव्यावर बदामी करा, नाहीतर मासा शिजेल पण पांढराफटक दिसेल. माशाला ओव्हनमध्ये १२-१५ मिनिटं पुरतात. मेयोनेजऐवजी चक्का, काकडी, पुदिना. पापलेट मात्र यात वाया घालवू नका, ते कालवणातच शोभतं.